पावलोपावली पाव

चढण आणि भूक यांचे नाते मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सिंहगड चढून गेल्यावर झाडाखाली बसून खाल्लेल्या पिठले-भाकरीत निम्मे पीठ असते आणि निम्मी चढण. तेच पिठले घरी पाटावर बसून खाल्ले, तर आपण खुशाल म्हणतो, "आज मीठ जरा कमी पडलंय." घाम गाळला की जीभ उदार होते, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक असावे. एरवी त्यांनी इतके देव डोंगरावर नेऊन का बसवले असते? आधी पायऱ्या, मग दर्शन, आणि मग प्रसाद. त्या प्रसादाचा खडीसाखरेचा खडासुद्धा पक्वान्नासारखा लागतो.

पण चढण हवी, चव हवी आणि दम मात्र लागायला नको, असे कोणी म्हटले तर? युरोपच्या पश्चिम टोकाला, लिस्बन शहरात, या हट्टावर एक तोडगा निघाला आहे. विजेच्या सायकलीवर बसायचे, गाईडच्या मागोमाग टेकड्या चढायच्या आणि जागोजागी थांबून काहीतरी खायचे. माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त तिथे राहते. तिच्याकडे सुट्टीत गेलो होतो, तेव्हा एका रात्री ती म्हणाली, "दादा, उद्या सकाळी काही खाऊ नकोस हं."

"का गं? संकष्टी आहे का?"

"संकष्टी नाही, सायकल आहे."

मी सायकल शेवटची मारली ती कॉलेजात असताना. तेव्हा शरीर हलके होते आणि रस्ते सपाट होते. लिस्बनमध्ये दोन्ही गोष्टींची बोंब. हे शहर सात टेकड्यांवर वसले आहे असे म्हणतात. मला तर घराबाहेर पडले की आठवी टेकडी समोर उभी दिसे. तेजो नदी समुद्राला मिळण्याआधी इथे इतकी पसरते, की त्या विस्ताराला लोक 'पेंढ्याचा समुद्र' म्हणतात. आणि तिथून थोडे पश्चिमेला गेले की खराखुरा अटलांटिक. नदीच्या काठापासून घरे एकमेकींच्या खांद्यांवर पाय देऊन दहीहंडीच्या थरांसारखी वर चढत गेली आहेत.

या चढांशी लिस्बनकर फार दिवस झगडत आले. १८८४ साली त्यांनी लाव्राच्या चढावर आणि १८८५ साली ग्लोरियाच्या चढावर दोरावर चालणारे डबे बसवले. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे. तो जड होऊन खाली येऊ लागला की दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा वर जाई. आपल्याकडच्या रहाटाचीच ही मोठी बहीण. १९०१ साली विजेच्या ट्राम आल्या. १९०२ साली भर बाजारात एक लोखंडी लिफ्टच उभी राहिली. चढाशी केलेला हा करार नेहमीच फुकट पडत नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच ग्लोरियाच्या डब्याचा दोर निसटला आणि सोळा माणसे प्राणाला मुकली.

या परंपरेतले ताजे अपत्य म्हणजे विजेची सायकल. तिची गंमत तिच्या स्वभावात आहे. पायडलवर पायाचा जोर पडला, की तो हेरून मोटर आपला जोर त्यात मिसळते. पाय थांबला की मोटरही थांबते. युरोपातल्या कायद्याने तिची ताकद २५० वॉटपर्यंतच असावी लागते आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोचला की मदत बंद व्हावी लागते. तुमच्याआमच्यासारखा माणूस सलग सायकल मारताना शंभरेक वॉटच्या आसपास जोर लावतो. म्हणजे चढावर मागून दोन-अडीच माणसे अदृश्यपणे ढकलत आहेत असे समजा. मात्र तुम्ही हातपाय गाळले, की तीही लगेच हात काढून घेतात. इतकी स्वाभिमानी मोटर मी दुसरी पाहिली नाही.

आमची गाईड विशीतली एक चुणचुणीत मुलगी होती. डोक्यावर शिरस्त्राणे चढवल्यावर तिने आम्हा आठ जणांना पहिला धडा दिला : ट्रामचे रूळ नेहमी आडवे ओलांडा, तिरपे जाल तर चाक खाचेत अडकेल. दुसरा धडा असा, की फरसबंदीवर ब्रेक हळू दाबा. इथले दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी काचेसारखे झाले आहेत. तिसरा धडा तिने सांगितला नाही, तो रस्त्यानेच दिला. त्या दगडांवरून सायकल जाऊ लागली की माणसाचा सांधा न् सांधा आपापले वेगळे अस्तित्व जाहीर करतो.

पहिला मुक्काम जवळच, सांव दोमिंगुश चौकात. तिथे १८४० पासूनचे एक एवढेसे दुकान आहे. बसायला जागा नाही. उभ्याउभ्या एक इवलासा पेला हातात मिळतो. आंबट चेरीची फळे दारूत साखर आणि दालचिनीबरोबर मुरवून केलेले ते 'जिंजिन्या' नावाचे पेय. "फळासकट की फळाविना?" एवढाच प्रश्न दुकानदार विचारतो. आमच्या बहिणीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "दादा, आसव समजून घे." मी आसव समजून एक घोट घेतला. आयुर्वेदाबद्दलचा माझा आदर वाढला.

पेला हातात असतानाच गाईडने समोर बोट दाखवले. चौकात एक गोलसर दगड उभा होता आणि त्यावर ज्यूंची षट्कोनी तारका कोरलेली होती. १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने आपल्या राज्यातल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १५०६ च्या एप्रिलमध्ये, रोगराई आणि अवर्षण यांनी गांजलेल्या जमावाने याच चौकातून या 'नवख्रिस्त्यां'ची कत्तल सुरू केली. दोन-तीन दिवसांत हजारोंच्या संख्येने माणसे मारली गेली. तो दगड २००८ साली बसवला. म्हणजे आठवण चौकात यायला पाचशे वर्षे लागली.

त्या घोटाची गोडी तोंडात तशीच राहिली आणि घशाखाली काहीतरी निराळेच उतरले. सहलीचा पुढचा सगळा प्रवास मी त्याच चवीने केला.

पुढे मोरारिया. नावातच मूर लोक आहेत. ख्रिस्ती राजाने ११४७ साली शहर जिंकले, तेव्हा हरलेल्या मुसलमानांना वस्तीसाठी किल्ल्याच्या पायथ्याचा हा भाग मिळाला. आज इथल्या गल्ल्यांतून बांगलादेशी, नेपाळी, भारतीय माणसे भेटतात. वाण्याच्या दुकानात हळद, मूगडाळ, अगरबत्ती सगळे काही आहे. गाईडने एका छोट्या उपाहारगृहापाशी सायकली लावायला सांगितल्या आणि आतून एक बशी आणली. "ही आमची शामूसा," ती कौतुकाने म्हणाली. "लिस्बनमध्ये तुम्हाला कुठल्याही कॉफीच्या दुकानात मिळेल."

बशीत समोसे होते! आकाराने लहान, पापुद्रा पातळ, पण कोपरे मात्र चोख तीन. गोव्याहून, आणि मोझांबिक १९७५ साली स्वतंत्र झाल्यावर तिथून इकडे आलेल्या आपल्या लोकांबरोबर, तो या शहरात रुजला. आता पोर्तुगीज मनुष्य मधल्या वेळी कॉफीबरोबर तो खातो आणि परका पदार्थ खातो आहोत असे त्याच्या मनातही येत नाही. भाजीची शामूसा माझ्या वाट्याला आली. चावता चावता वाटले, कुणा एका घरच्या बाईने परमुलखात तेलात सोडलेला पहिला समोसा कसा असेल? तिने तो घराची आठवण म्हणून तळला असेल, की चार पैसे मिळावेत म्हणून? बहुधा दोन्हींसाठी.

मग आली खरी चढण. ग्रासाच्या टेकडीवरचा रस्ता पाहून मी गियर शोधू लागलो. मोटरने गुणगुणायला सुरुवात केली, आणि काय सांगू, बाजूने पिशव्या घेऊन चढणाऱ्या एका आजीबाईंना मागे टाकताना मला अपराधी वाटले! त्या बाई जन्मभर हा चढ चढत असतील, तो नुसत्या गुडघ्यांवर. माझ्या मागे अडीच माणसे होती. त्यांच्या मागे कुणीच नव्हते.

वर पोचलो. तांबड्या कौलांचा उतार खाली थेट पाण्यापर्यंत गेलेला. या पाण्यातूनच १४९७ च्या जुलैत वास्को द गामाची जहाजे निघाली. त्या मागोमाग निघालेल्या किती जहाजांत आपल्या इतिहासाचे किती सामान भरलेले होते! १५३४ साली गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य इथून गोव्याला आला. त्याच्या घराण्यावर तोच ज्यूपणाचा शिक्का होता. त्याने आपल्याकडच्या औषधी, आंबा, नारळ, हिंग, पटकीवर द्यायची कांजी, या साऱ्यांवर संवादरूपाने ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी धर्मन्यायालयाने गोव्यात त्याच्या बहिणीला जाळले, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली.

आणि १५७९ साली याच बंदरातून थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री निघाला. गोव्यात राहून तो मराठी शिकला, नुसती शिकला नाही, तर तिच्यावर लुब्ध झाला. १६१६ साली छापलेले त्याचे 'ख्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. वर्गात ते शिकवताना मी दरवर्षी मुलांना म्हणतो, पाहा, परका मनुष्य आपल्या भाषेवर किती प्रेम करू शकतो. पण त्या टेकडीवर उभा राहिलो, तेव्हा ध्यानात आले की ओवी लिहिणारा हात आणि चिता पेटवणारा हात एकाच धक्क्यावरून जहाजात चढले होते. त्यांचे तिकीट वेगवेगळे करता येत नाही.

मी असा इतिहासात बुडालो असताना बहीण कठड्याशी येऊन उभी राहिली.

"दादा, एक सांगायचं होतं. मी इथलं नागरिकत्व घ्यायचं म्हणतेय."

मी तिच्याकडे पाहिले.

"म्हणजे आपलं सोडावं लागेल, माहीत आहे मला. आईला तू सांगशील?"

सायकलीच्या सहलीची कल्पना कुठून निघाली, ते मला आता कळले. घरात चहा पिताना ज्या गोष्टी बोलवत नाहीत, त्या टेकडीवर वारा सुटल्यावर बोलवतात. मी एवढेच म्हणालो, "खाली उतरू या. मग बोलू."

उतारावर मोटरचे काही काम नसते. तिथे ब्रेक आणि दैव. आल्फामाच्या बोळांतून खाली येऊन आम्ही एका जुन्या खानावळीत टेकलो. भिंतीवर निळ्या फरश्या, लाकडी बाके, आणि मालकीणबाईंचा आवाज स्वयंपाकघरातून रस्त्यापर्यंत पोचणारा. मी शाकाहारी आहे असे कळताच बाईंनी "मासे चालतात ना?" असे विचारून मला पेचात टाकले. मग हसत त्यांनी 'बागेतले छोटे मासे' आणून ठेवले. फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या! म्हणजे आपली भजीच. उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून शेंगांनाच मासे म्हणायचे. हीच कृती पोर्तुगीजांबरोबर जपानला गेली आणि तिथे तेंपुरा झाली असे मानतात.

शेजारच्या बशीत एक जाडजूड सॉसेज होते. नाव आल्येइरा. त्याची सांगितली जाणारी कथा अशी, की सक्तीने ख्रिस्ती झालेले ज्यू डुकराचे मांस खात नसत. शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी कोंबडीचे मांस आणि पावाचा चुरा भरून हुबेहूब तसेच दिसणारे सॉसेज केले आणि चुलीवर टांगून ठेवले. धर्मन्यायालयाच्या हेरांनी बाहेरून पाहावे आणि पुढे जावे. भीतीपोटी जन्माला आलेला पदार्थ आज चवीपोटी मागवला जातो. तिसऱ्या एका टेबलावर तापातून उठल्यासारखा दिसणारा एक मनुष्य वाफाळते सूप पीत होता : कोंबडी आणि भात यांची 'कांझा'. आजाऱ्याला इथे हीच देतात. तिचे नाव आपल्या कांजीवरूनच आले आहे.

आणि मग टोपलीतून पाव आला.

गाईडला मी त्याचे नाव विचारले. ती म्हणाली, "पांव." मी म्हणालो, "आम्हीही पावच म्हणतो." तिला वाटले, मी थट्टा करतो आहे. मग मी मास्तरकीवर आलो. बटाट्याला ती 'बताता' म्हणाली, अननसाला 'अननाश', काजूला 'कझू', कोबीला 'कोव'. किल्लीला ती 'शाव' म्हणते, आपण चावी. लिलाव आणि पगार हेही शब्द तिच्याच घरचे. फराळाच्या चिवड्यातून तळलेले काजू वेचून खाणाऱ्या आपल्या मुलांना ठाऊकही नसते, की ते झाड ब्राझीलमधून याच लोकांच्या जहाजांतून आले.

"दादा," बहीण मराठीत म्हणाली, "आजी पाव घरात येऊ द्यायची नाही. आठवतं?"

न आठवायला काय झाले! आजीच्या लेखी पाव म्हणजे बाटवणारी वस्तू. वसईकडे फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकले, नकळत ते पाणी प्यायले म्हणून गावेच्या गावे बाटली, ही कथा ती भुताखेतांच्या गोष्टींसारखी सांगायची. खरे दुःख त्या पावात नव्हतेच. पाणी प्यायलेल्यांना गावाने परत घेतले नाही, त्यात होते. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती घेतली; पण त्या विहिरीवरून दोन्हीकडे गेलेली माणसे मराठीच राहिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आजी हयात असती तर तिला मी ते वाचून दाखवले असते. आणि पावाचे म्हणाल, तर त्याच्या पोटात वडा बसला आणि मराठी माणसाने त्याला आपला राष्ट्रीय पदार्थ करून टाकले. पावाला महाराष्ट्राचे नागरिकत्व कोणी दिले? कुठल्या कचेरीने? भुकेल्या माणसांनी दिले. त्याने आपले नाव बदलले नाही आणि कुणी बदल म्हटलेही नाही.

शेवटचा टप्पा बेलेमचा. नदीकाठाने सहा-सात किलोमीटर सपाट वाट. डावीकडे पाणी, समोरून वारा. तिथल्या जेरोनिमोश मठात वास्को द गामाची समाधी आहे. मठात अंड्यांचे पांढरे कपड्यांना खळ करायला जाई आणि उरलेल्या पिवळ्या बलकाची मिठाई होई, असे सांगतात. १८३४ साली पोर्तुगालमधले मठ बंद झाले. १८३७ पासून जवळच्या दुकानात त्या कृतीने केलेल्या पुऱ्या विकल्या जाऊ लागल्या, त्या आजतागायत. खुसखुशीत पापुद्र्याच्या वाटीत बलकाची खीर, वरून जागोजाग करपलेली. अंडे आमच्या घरात माझ्या कॉलेजच्या दिवसांतच सोवळे झाले होते, त्यामुळे अडचण आली नाही. वरून दालचिनीची पूड भुरभुरायची. त्या चिमूटभर पुडीसाठी आणि मिऱ्यासाठी या लोकांनी समुद्र पालथे घातले, किल्ले बांधले, माणसे जाळली. आता ती पूड टेबलावर डबीत पडलेली असते आणि हवी तेवढी फुकट मिळते.

"दादा, इथलं खाताना तुला कधी राग येतो का रे? इतकं सगळं वाचलेलं असून?" बहिणीने विचारले.

"येतो," मी म्हणालो, "पण पाव गोडही लागतो."

दोन्ही खरे होते, आणि त्यांतले एक टाकून दुसरे ठेवता येईल असे मला वाटत नाही. राग विसरून खाल्ले तर त्या चौकातल्या दगडाशी बेइमानी. गोडी नाकारावी, तर ख्रिस्तपुराण, कांजी, काजू आणि आमचा वडापाव यांच्याशी. पदार्थ हे माणसांपेक्षा शहाणे असतात. जिथे जातात तिथली हवा अंगाला लावून घेतात, पण आपली ओळख एखाद्या कोपऱ्यात राखून ठेवतात.

या सहलींबद्दल नाक मुरडणारे लोक आहेत. दोन घास खाऊन आणि अर्ध्या दिवसात सात टेकड्या ओलांडून शहर कळते का, असे ते विचारतात. नुसते खाऊन कळत नाही, हे खरेच. पण त्या सायकलीचा नियम मला इथेही लागू पडतो असे वाटते. गाईड, मोटर, पोथ्या, आठवणी, ही सगळी अडीच माणसांची ताकद आपल्या मागे उभी असते. आपण आपला पाय हलवला तरच ती लागू होते. हातातला पेला खाली ठेवून समोरचा दगड कसला आहे, हे विचारण्याइतका तरी जोर आपला आपणच लावावा लागतो.

आईला मी सांगितले. आधी ती गप्प राहिली. मग म्हणाली, "पासपोर्ट बदलला म्हणजे काय बदलतं रे?"

मी तिला शामूसाची गोष्ट सांगितली. नाव जरा वेगळे उच्चारतात, पापुद्रा थोडा पातळ झाला आहे. पण कोपरे तीनच आहेत, आणि आत सारण आपलेच.

"मग तिला म्हणावं," आई म्हणाली, "दिवाळीला ये. करंज्यांचं सारण मी करून ठेवते."